नको म्हणजे नकोच

अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांना आपल्याकडे जो तो इंग्रजीची धास्ती घालतो. ती धास्ती फुकटची आहे. जळगावच्या फुले मार्केटात नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवर ज्याने हातवारे करून भाव पाडून घेतला आहे, त्याचं जगात कुठेही दूध-साखरेवाचून अडत नाही. अडतं ते निराळ्याच ठिकाणी. समोरचा जे बोलला ते खरं धरायचं की नाही, हे तिथे कुणी सांगत नाही. आपल्याकडे ही अक्कल दुधाच्या दातांबरोबर येते. ‘बसा, चहा टाकते’ हे कुठल्या सुरात म्हटलं की मांडी घालायची आणि कुठल्या सुरात म्हटलं की चपला शोधायच्या, हे खान्देशातल्या सात वर्षांच्या पोरालाही कळतं. साठी उलटलेल्या नानांना पिट्सबर्गात कळेना.

नाना म्हणजे माझे मेहुणे. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याचे, केळीवाले. माझी थोरली बहीण, अक्का, धुळ्याच्या गल्ली नंबर चारमधून त्यांच्या घरी गेली त्याला आता जमाना झाला. भाचा पिट्सबर्गला नोकरीला आहे. सूनबाईंना दिवस राहिले म्हणून दोघं जानेवारीत गेली आणि मृग लागायच्या आत परत आली, कारण मृगबागेची लागवड कुणाच्या नातवंडासाठी थांबत नाही. तेवढ्या मुक्कामात नाना रोज रात्री आठला, जेवणं आटोपली की, मला व्हिडिओ कॉल करायचे. तेव्हा धुळ्यात सकाळचे साडेसहा वाजलेले असायचे आणि मी ब्रश घेऊन उभा असायचो. मार्चचा दुसरा रविवार सरला आणि सोमवारी फोन एकदम पहाटे साडेपाचला आला. मी दचकून उठलो, म्हटलं बाळंतपणाचं काही झालं की काय!

‘काही नाही,’ नाना म्हणाले, ‘आमच्याकडे आठच वाजले. सरकारनं घड्याळ एक तास पुढे केलं.’

‘कशासाठी?’

‘उजेड वाचवू राह्यले म्हणे.’

तिकडचं सरकार उजेड वाचवणार आणि इकडे धुळ्यात मी अंधारात उठणार, असा हा कायदा आहे. तो नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत चालतो. ॲरिझोना आणि हवाई या राज्यांनी तो मानायचा नाही असं ठरवलंय. भाच्याने नोकरी तिथे बघायला हवी होती.

पहिला धडा थंडीने दिला. पोचल्यावर दोन-तीन दिवसांतच सूनबाई मोबाइल बघून म्हणाली, ‘आज बरं आहे बाबा, चाळीस आहे.’ चाळीस म्हटल्यावर सावद्याचा माणूस काय समजणार? चाळीस म्हणजे एप्रिल लागला, दुपारी माठातलं पाणी प्यावं आणि पडावं. नाना अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर फिरायला निघाले. ते फॅरनहाइटमधले चाळीस होते, आपल्या हिशेबाने साडेचारच्याही आत. नाना कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले ते बोलायच्या अवस्थेत नव्हते. अक्काला मात्र थंडीचं फारसं वाटलं नाही. धुळ्यात जानेवारीत पारा पाच-सहापर्यंत उतरतो हे जळगावकडच्या लोकांना कधी पटतच नाही. त्यांना वाटतं खान्देश म्हणजे नुसती भुसावळची मे महिन्यातली दुपार. मेच्या शेवटी तिकडच्या टीव्हीवर उन्हाळा तापल्याची बातमी आली, म्हाताऱ्यांनी बाहेर पडू नये, पाणी पीत राहावं वगैरे. आकडा होता नव्वद. नानांनी आता भागाकार शिकून घेतला होता. बत्तीस आलं. त्यांनी त्याच आठवड्यात जळगावला पंचेचाळीस झाल्याचं ऐकलं होतं. ‘एकशेतेरा!’ असं त्यांनी शेजाऱ्याला अभिमानाने सांगितलं, जणू ते तापमान त्यांनी स्वतः पिकवलं होतं.

हा शेजारी पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, धिप्पाड, भला माणूस. त्याने आणि त्याच्या बायकोने नाना-अक्कांना घरी बोलावलं. बसल्यावर बाईंनी विचारलं, कॉफी घेणार का? नाना म्हणाले, ‘नो, नो.’ अक्काही म्हणाली, ‘नो, नो.’ दोघांनी ते अगदी रीतसर, मान हलवून, हात पुढे करून म्हटलं. आता बाई म्हणणार, ‘असं कसं?’ मग आपण म्हणायचं, ‘आत्ताच घेतली.’ मग त्या म्हणणार, ‘अर्धा कप तरी.’ मग आपण म्हणायचं, ‘बरं, तुमचा आग्रहच आहे तर.’ खान्देशात चहा येतो तो असा, तीन पायऱ्या चढून. बाई म्हणाल्या, ‘ओके.’ आत गेल्या, दोन कप घेऊन आल्या, एक नवऱ्याला दिला, एक स्वतः घेतला. टेबलावर सफरचंदाचा पाय ठेवलेला होता. त्याच्याबद्दलही एकदाच विचारणा झाली आणि नानांच्या तोंडून सवयीने पुन्हा तेच निघून गेलं. पुढचा तास-दीड तास दोघं त्या पायाकडे बघत पोलादाच्या कारखान्याच्या गोष्टी ऐकत बसली.

‘दुसऱ्यांदा विचारलंच नाही रे भाऊ तिनं,’ नाना मला सांगत होते. आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. ‘मी नको म्हटलं, तं तिले खरंच वाटलं!’

भाच्याने समजावलं की इथे नको म्हणजे नकोच, पुन्हा विचारणं हा समोरच्याच्या शब्दाचा अपमान. नानांना ते पटलं. इतकं पटलं की पुढच्या रविवारी श्री व्यंकटेश्वराच्या देवळात ओळख झालेल्या एका मराठी कुटुंबाकडे गेले असताना त्यांनी पहिल्याच हाकेला ‘हो, घेऊ की’ म्हटलं. वर पोहे आहेत का तेही विचारलं. अक्का परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर मला फोन केला. ‘काय वाटलं असेल त्या माणसांना! म्हणतील, सावद्याला उपाशी ठेवत होते.’

बरं, ‘नो’ शब्दशः घ्यायचा हे ठरलं म्हणून सगळंच शब्दशः घ्यावं, तर तसंही नाही. दुकानात गल्ल्यावरची बाई विचारते, कसे आहात? आपल्याकडे ‘काय भो, कसं काय?’ असं कुणी विचारलं की तो प्रश्नच असतो. त्याला उत्तर द्यावं लागतं आणि उत्तरात पाऊस, कापसाचा भाव, धाकट्याची नोकरी आणि स्वतःची शुगर एवढं तरी आलंच पाहिजे, नाहीतर माणूस शिष्ट ठरतो. नानांनी गल्ल्यावर आपल्या गुडघ्याची हकीकत सुरू केली. मागे पाच-सहा माणसं गाड्या घेऊन उभी. भाचा घामाघूम. गल्ल्यावरची बाई सत्तरीची होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मग स्वतःचा पाय बाहेर काढून दाखवला. तिच्याही गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. रांगेतली माणसं शेजारच्या गल्ल्याकडे वळली. तेव्हापासून नाना त्या दुकानात गेले की तिच्याच रांगेत उभे राहायचे, मग ती कितीही लांब असो. भाचा सांगतो की ‘कसे आहात’चं उत्तर ‘छान’ एवढंच असतं. नाना म्हणतात, त्याला काही माहीत नाही.

‘कधीतरी भेटूया’ हा प्रकार मात्र नानांनी फार मनाला लावून घेतला. भाच्याचा एक सहकारी निरोप घेताना तसं म्हणाला आणि नाना दोन शनिवार आवरून बसले. पुण्यात राहून आलेल्यांना हा प्रकार नवा नाही. सावदा-फैजपूरकडे अजून त्याची लागण झालेली नाही.

आता पैशाचं. नाना हिशेबाला पक्के. त्यांनी एक छत्री घेतली, चिठ्ठीवर 9 डॉलर 99 सेंट. गल्ल्यावर दहाची नोट पुढे केली आणि एक सेंट परत मिळायची वाट बघत उभे राहिले. मशिनवर आकडा आला 10 डॉलर 69. आपल्या बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा ‘सर्व करांसहित’ छापलेलं असतं, त्याहून एक पैसा जास्त घेतला तर ग्राहक भांडतो. तिकडे चिठ्ठीवर लिहितात ती नुसती सुरुवात. विक्रीकर राज्याचा वेगळा, जिल्ह्याचा वेगळा. पिट्सबर्ग ज्या जिल्ह्यात आहे तिथे सगळा मिळून सात टक्के. ऑरेगॉनसारख्या काही राज्यांत तो मुळीच नाही. ‘मग खरा भाव लिहायले काय होते?’ या नानांच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

हॉटेलात त्याच्यावर कडी. जेवण झालं, बिल भरलं, तर पोरीने यंत्र वळवून समोर धरलं: अठरा, वीस, बावीस टक्के. भाच्याने वीसवर बोट ठेवलं. नाना म्हणाले, हे ऐच्छिक आहे ना? भाचा म्हणाला, हो. मग शून्यावर बोट ठेव. भाचा म्हणाला, ते नाही ठेवता येत. मग ऐच्छिक कसं? शेवटी भाच्याने कायदा सांगितला. बक्षिशीवर काम करणाऱ्यांना मालकाने रोख द्यायची किमान मजुरी केंद्राच्या कायद्यात 1991 पासून तासाला 2 डॉलर 13 सेंटच आहे. बाकीची भर गिऱ्हाईक घालणार हे गृहीत धरलेलं.

नाना विचारात पडले. खान्देशात सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतं. पैसे किती, धान्य किती, कपडे किती, सगळं आधी बोलून घेतात आणि मग वर्षभर ती बोली पाळावी लागते. ‘म्हणजे सालदार मालकाचा,’ नाना म्हणाले, ‘आन् साल द्यायचं केळी खाणाऱ्यानं?’ एवढं बोलून त्यांनी त्या पोरीला खिशातले दोन डॉलर वर दिले. का, ते सांगितलं नाही.

केळ्यांपाशी मात्र नाना गोंधळले नाहीत. दुकानात फळांच्या विभागात गेले आणि अर्धा तास तिथून हलले नाहीत. फण्या उलट्यापालट्या करून पाहिल्या, देठाचा काप पाहिला, बोटांची लांबी चार बोटांनी मोजली. घासल्याचा एक डाग नाही, एकही बोट तुटलेलं नाही. प्रत्येक फणीवर चिकटवलेला कागद: ग्वाटेमाला. शेजारी इक्वाडोर. जात कॅव्हेंडिश गटातलीच, आपल्या रावेर-यावलच्या मळ्यात ऊतिसंवर्धित रोपांचं ग्रँड नैन लावतात त्याच कुळीतली. भाव पाउंडाला साठेक सेंट. नानांनी मोबाइल काढला. पाउंडाचे किलो केले, डॉलरचे रुपये केले, किलोचा क्विंटल केला. अकरा हजारांच्या वर गेला आकडा. अमेरिकेत केळी हे सगळ्यात स्वस्त फळांपैकी एक मानतात, हे भाच्याने याच वेळी सांगायला नको होतं. नानांनी आकडा पुन्हा मोजला, आणि मला फोनवर एवढंच विचारलं, ‘आज बऱ्हाणपूरचा बोर्ड काय निघाला?’ मी केळीचा भाव सांगितला. तिकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

अक्काचा गोंधळ वेगळ्या जातीचा. तिने एक चादर घेतली, पहिल्याच धुण्यात तिचा रंग गेला. आपल्याकडे कापडाच्या दुकानात पाटीच असते, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तरी धुळ्याची बाई परत घ्यायला लावतेच, पण त्याला तयारी लागते. अक्काने तयारी केली. पावती, चादर, चादरीचा रंग लागून गुलाबी झालेला टॉवेल पुरावा म्हणून, आणि साक्षीला नाना. तो माणूस काय म्हणेल, मग आपण काय म्हणायचं, आवाज कुठे चढवायचा, ‘मी तुमची जुनी गिऱ्हाईक’ हे वाक्य इंग्रजीत कसं होईल, सगळं आदल्या रात्री सूनबाईकडून घोकून घेतलं. काउंटरवरच्या पोरीने पावती घेतली, यंत्राला दाखवली आणि पैसे कार्डावर परत टाकले. टॉवेल पिशवीतून निघालासुद्धा नाही.

‘काय झालं म्हणून विचारलं तरी असतं,’ अक्का दोन दिवस म्हणत होती.

एका शनिवारी भाच्याच्या मित्रांनी पार्टी ठेवली. मध्ये एक पांढरा केक. नानांना वाटलं वाढदिवस असेल. भाच्याने आणि सूनबाईने सुरी धरली, केक कापला, आतून गुलाबी निघाला आणि सगळ्यांनी एकच ओरडा केला. मुलगी! नाना पांढरेफटक पडले. सोनोग्राफी करून मुलगा की मुलगी ते आधी सांगायचं, तेही केक कापून, शंभर फोटो काढून? आपल्याकडे 1994च्या कायद्याने हा गुन्हा आहे. जळगावच्या प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर पाटी आहे, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. नानांनी हलकेच भाच्याला विचारलं, फोटो कुठे पाठवणार नाहीस ना? मग ते कोपऱ्यात उभे राहून एकेकाचा चेहरा निरखत राहिले. कुणाचा उतरतो का ते बघत होते. कुणाचाच उतरला नाही. ती पाटी आमच्या भिंतीवर का लावावी लागली, हे जळगावच्या माणसाला सांगावं लागत नाही. 2011च्या जनगणनेत लहान मुलींच्या प्रमाणात जिल्हा राज्यात तळाकडे होता. ‘सगळे टाळ्या वाजवू राह्यले होते, भाऊ,’ नाना त्या रात्री म्हणाले. तेवढा एक फोन त्यांनी दोन मिनिटांत आटोपला.

पुढे डोहाळजेवण झालं, त्याला तिकडे शॉवर म्हणतात. पावसाचा संबंध नाही. सूनबाईने दुकानात आधीच यादी देऊन ठेवली होती: बाबागाडी, पाळणा, डायपर टाकायची बादली. पाहुण्यांनी यादी बघायची, एकेक वस्तू उचलायची. अक्काला आधी लाज वाटली. अहेर काय मागून घेतात? पण मला तरी त्यात आपल्याहून फारसं वेगळं काही दिसलं नाही. आपल्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी एक चोख माणूस वही घेऊन बसतो आणि अमक्याचे एकशेएक, तमक्याचं पातळ असं लिहून घेतो. ते लोक वही आधी लिहितात, आपण नंतर लिहितो, एवढंच. आपली वही मात्र वीस वर्षं टिकते, कारण देणाऱ्याच्या घरी लग्न निघालं की ती उघडून तेवढंच परत करायचं असतं. तिकडे सूनबाईने प्रत्येकाला आभाराचं कार्ड पाठवलं आणि हिशेब मिटला. अक्काला हे फार उथळ वाटलं. अहेर फेडायचा असतो, आभार मानून मोकळं व्हायचं म्हणजे देणं बुडवण्यासारखंच.

आणि पॉटलक. जेवायला बोलवायचं आणि जेवण तुम्हीच आणायचं. यादी फिरली तर एकाने आपल्या नावापुढे ‘बर्फ’ लिहिलेलं. नाना त्या ‘बर्फा’वर आठवडाभर हसत होते. कानबाईच्या रोटाचं जेवण भाऊबंदकीबाहेर जात नाही अशा घरात वाढलेल्या अक्काने मात्र हे आव्हान म्हणून घेतलं आणि भरीत करायचं ठरवलं. वांगी मिळाली ती काळी-जांभळी, भोपळ्याएवढी. आपली भरताची वांगी हिरवट-पांढरी, 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेली. शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजायची आणि लाकडी बडगीत ठेचायची. तिथे गॅसवर धरली आणि छतावरचं यंत्र किंचाळायला लागलं. नाना त्याच्याखाली पंचा फिरवत उभे. पोलादवाला शेजारी धावत आला, परिस्थिती पाहिली, खिडक्या उघडल्या, आणि भाजलेल्या वांग्याचा वास आल्यावर तिथेच घुटमळला. अक्काने त्याला विचारलं, खाऊन बघता का? तो म्हणाला, ‘नो, नो.’

अक्का कशाला ऐकते. तिने तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा वाढलंच. त्याने बशी पुसून खाल्लं. अपमान झाल्यासारखा मुळीच दिसत नव्हता.

पॉटलकला ते भरीत लोकांनी मक्याच्या चिप्सवर घेऊन खाल्लं. ते पाहणं कठीण गेलं असं नाना म्हणतात.

मधे भाच्याने दोघांना न्यूयॉर्कला नेलं. तिथे तरी अक्का हरवेल अशी मला आशा होती. पण मॅनहॅटनच्या सरळ उभ्या-आडव्या रस्त्यांना नंबर दिलेत, 1811च्या आराखड्यापासून, आणि 1818 नंतर कॅप्टन ब्रिग्जच्या काळात आखलेल्या धुळ्यात गल्ल्यांना नंबरच आहेत. चौथ्या गल्लीत वाढलेली बाई चौतिसाव्या गल्लीत कशाला हरवते? ‘तुझं न्यूयॉर्क म्हणजे लांबलेलं धुळे,’ ती म्हणाली. पांझरा नदीच्या जागी तिला हडसन चालली.

राहता राहिला फेब्रुवारीच्या दोन तारखेचा प्रकार. पिट्सबर्गच्या ईशान्येला पंक्ससुटॉनी नावाचं गाव आहे. तिथे 1887 पासून त्या दिवशी पहाटे उंच टोप्या घातलेले प्रतिष्ठित लोक एका ग्राउंडहॉगला, म्हणजे घुशीचा थोरला भाऊ शोभेल अशा प्राण्याला, बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली की हिवाळा आणखी सहा आठवडे, नाही दिसली की वसंत लवकर. तेव्हापासून आजपर्यंत प्राणी तोच आहे, असं ते गंभीर चेहऱ्याने सांगतात. देशभर थेट प्रक्षेपण. नाना टीव्हीसमोर हसून हसून आडवे झाले. चंद्रावर माणूस पाठवणारा देश, आणि हवामान कोण सांगतं तर घूस! त्यांनी मला व्हिडिओ पाठवला, सावद्याच्या ग्रुपवर टाकला, भाच्याच्या सासऱ्यांना पाठवला. पुढे महिनाभर कुठलाही विषय निघाला की नाना म्हणत, घुशीला विचारा.

मग आखाजी आली. दुसऱ्या दिवशी धुळ्यात पहाटे फोन वाजला, साडेपाचच्याही आधी. भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती धान्यं, मधे खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर घागर, पापड, करंजी, राजाच्या गादीचं पान. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना काय हललं, काय विरघळलं ते बघून वर्षाचं भाकीत सांगतात. गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, पण कान लावून बसतो सगळा खान्देश.

‘अजून सूर्य उगवायचा आहे नाना,’ मी म्हटलं.

‘माहीत आहे. पेपर आला की फोन कर. जुलैचं ढेकूळ किती भिजलं तेवढं नीट विचार,’ नाना म्हणाले. ‘मले लागवडीचं ठरवायचं आहे.’